भाताचा वाडगा आणि प्रतिनिधिद्रव्य

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे आणि तो निव्वळ अलंकारिक नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताच्या वीस हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे, आणि त्यांतील बहुतेक याच परिसरातल्या शेतकऱ्यांच्या कणग्यांतून आलेले आहेत. जपानी भाषेतही भाताच्या वाडग्याला मानाचे स्थान आहे. खोल वाडग्याला तेथे ‘दोंबुरी’ म्हणतात, आणि त्या वाडग्यात भातावर कालवण घालून जे पदार्थ होतात त्यांच्या नावाअखेरीस ‘दोन’ हे त्याचेच आखूड रूप लागते. त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय पदार्थ ‘ग्यूदोन’. ‘ग्यू’ म्हणजे गाय-बैल. (‘ग्यू’ आणि ‘गो’ यांच्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्तीचे इमले रचण्याचा मोह आवरलेला बरा.) बैलाच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप आणि उभा चिरलेला कांदा ही दोन द्रव्ये समुद्रशेवाळ व सुकवलेल्या माशाच्या अर्कात शिजवायची, त्यात सोयाबीनचे आंबवलेले खारट पाणी, तांदळाची दारू आणि ‘मिरीन’ नावाचे गोड मद्य घालायचे, व हे सारे वाफाळत्या भातावर ओतून वर लाल खारवलेले आले ठेवायचे, एवढीच त्याची कृती. पदार्थ साधा आहे, कामकऱ्याचा आहे, आणि दहा मिनिटांत पोट भरणारा आहे.

हा पदार्थ रसमड्याच्या एखाद्या मराठी घरात करायचा झाला तर काय होईल, असा प्रश्न कल्पनाविलासाचा वाटेल. पण तो तसा नाही. दुर्गहून राजनांदगावकडे जाताना लागणारे रसमडा हे लहानसे स्थानक. एकीकडे बोरईच्या औद्योगिक क्षेत्राचे कारखाने, तर दुसरीकडे धानाची शेते अशी त्याची ओळख सांगता येते. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती, आणि १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी पेटल्यानंतर विदर्भातून आलेल्या कुटुंबांची येथे आणखी भर पडली. अशा घरांतली तिसरी पिढी आता पुण्याहून पुढे तोक्योला जाते. तोक्योच्या एदोगावा विभागात तर भारतीयांची वस्ती इतकी वाढली की २०१९ साली तेथील विभागसभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. तेव्हा सुटीत घरी आलेल्या मुलाने आईकडे ‘तिकडच्यासारखा’ भात मागावा, आणि आईने मधुमेह, रक्तदाब, देवघर व कायदा या चारही गोष्टी ध्यानात ठेवून तो करायला घ्यावा, ही घटना आज अगदी संभाव्य आहे. ती करील तो पदार्थ कोणता? त्याला ग्यूदोन म्हणावे काय? आणि जे तिने गाळले ते गाळण्याला काही नैतिक मोल आहे काय? प्रस्तुत विवेचनाचा विषय हे तीन प्रश्न आहेत, आणि तिसरा प्रश्न मुख्य आहे.

प्रथम आरोग्याचा मुद्दा, कारण आजकाल सर्व आहारचर्चेचे प्रवेशद्वार तेच असते. सोयाबीनच्या त्या खारट पाण्याच्या एका मोठ्या चमच्यात साधारण अडीच ग्रॅम मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाची मर्यादा सांगितली आहे ती पाच ग्रॅमच्या आतली. चरबीयुक्त मांस, गोड मद्य आणि पांढऱ्या भाताचा ढीग हे धरले तर मूळ वाडगा आरोग्याचा आदर्श नव्हे, हे उघड आहे. २०१५ साली कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने लाल मांसाची गणना ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ अशा पदार्थांत केली. म्हणून मांस कमी करा, कांदा दुप्पट घ्या, सोयाचे पाणी निम्म्यावर आणा, भात बिनसडीचा घ्या, असा उपदेश होतो. आणि तो योग्यच आहे. परंतु गंमत अशी की, ज्या द्रव्याला आज आरोग्याच्या नावाने हद्दपार करायचे ते जपानी ताटात आले तेच मुळी आरोग्याचे पारपत्र घेऊन.

इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने वर्षातल्या काही महिन्यांपुरते गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडे यांचे मांस खाण्यास मनाई केली. तेव्हापासून पुढे सुमारे बाराशे वर्षे बौद्ध धर्म, शिंतो शुचिता आणि शेतीची गरज या तिघांच्या एकजुटीने जपानात चतुष्पादांचे मांस निंद्य ठरले. निंद्य ठरले, नाहीसे मात्र झाले नाही. ‘औषध म्हणून खाणे’ अशा अर्थाचा एक शब्दच त्या भाषेत रूढ झाला आणि आजारपणाच्या पडद्याआड पुष्कळ निरोगी माणसे जेवून गेली. १८७० साली फुकुझावा युकिची या सुधारकाने मांसाहाराच्या समर्थनार्थ निबंध लिहिला तो शरीरबळाच्या मुद्द्यावर. १८७२ च्या जानेवारीत सम्राट मेइजी यांनी गोमांस भक्षण केल्याचे जाहीर झाले. आणि महिन्याभरातच या भ्रष्टाचाराने देशाचे सत्त्व जाईल अशा संतापाने काही पर्वतवासी तपस्वी राजवाड्यात घुसू पाहत असता पहारेकऱ्यांकडून मारले गेले. एका पदार्थासाठी रक्त सांडण्याची ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. काठियावाडातल्या एका शाळकरी मुलाला त्याच्या मित्राने, इंग्रजांसारखे बळ हवे असेल तर मांस खाल्ले पाहिजे, असे पटवले होते. तो मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. आणि त्याने आत्मकथेत ते सविस्तर नोंदवून ठेवले आहे.

या आरोग्यवादाचा एक अध्याय विशेष विचार करायला लावणारा आहे. जपानी आरमारात बेरीबेरीने माणसे पटापट मरत. १८८२-८३ च्या एका दीर्घ सफरीत ‘र्‍यूजो’ या जहाजावरील ३७६ पैकी १६९ जण आजारी पडले व २५ मरण पावले. ताकाकी कानेहिरो या आरमारी वैद्याने १८८४ साली ‘त्सुकुबा’ हे दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठवले, पण भात कमी करून मांस, भाज्या व सातू देऊन. आणि बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. ताकाकीचे अनुमान असे की हा रोग प्रथिनांच्या अभावाने होतो. ते चूक होते. रोग होतो तो सडलेल्या तांदळाच्या कोंड्याबरोबर निघून जाणाऱ्या जीवनसत्त्वाच्या अभावाने. कारण चुकीचे असूनही त्याच्या हातून हजारोंचे प्राण वाचले. उलटपक्षी भूसेनेचे वैद्य जर्मन पद्धतीचे शिस्तबद्ध शास्त्र शिकून आलेले होते; त्यांनी पांढऱ्या भाताचा आग्रह सोडला नाही आणि रशियाविरुद्धच्या १९०४-०५ च्या युद्धात सुमारे सत्तावीस हजार सैनिक बेरीबेरीने दगावले. भाताचा पक्ष घेणाऱ्या या वैद्यांत मोरी ओगाई होता. आधुनिक जपानी गद्याच्या निर्मात्यांत ज्याचे नाव अग्रभागी घेतले जाते तोच हा कादंबरीकार. ‘शास्त्र सांगते म्हणून’ ताटातून एखादी वस्तू काढणाऱ्याने वा त्यात घालणाऱ्याने हे प्रकरण स्मरणात ठेवावे. आरोग्य हे निमित्त म्हणून बलवान असते, पण निर्णयाचा सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही.

आता द्रव्यांच्या अदलाबदलीचा प्रश्न. रसमड्याच्या स्वयंपाकघरात मिरीनच्या जागी चिमूटभर गूळ येईल, माशाच्या अर्काऐवजी सुकवलेल्या अळंब्या भिजवलेले पाणी येईल, लाल आल्याऐवजी लिंबात मुरवलेले आले. मांसाच्या जागी कोंबडी येईल, किंवा अळंबी, किंवा सोयाबीनच्या वड्या. एवढे बदलल्यावर मूळ पदार्थाचे उरले काय, असा आक्षेप पांडित्याच्या जोरावर घेता येतो. परंतु पाककलेच्या इतिहासात असा शुद्धतावाद फार टिकत नाही. महाराष्ट्रात उपवासाला चालणारी साबुदाण्याची खिचडी घ्यावी. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो, त्यातला बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चौघेही अमेरिका खंडातून आलेले. आणि तरी व्रताचे पावित्र्य अबाधित! जपानातही मठांतल्या शाकाहारी पाककलेने टोफूचे तळलेले गोळे करून त्यांना ‘रानहंसासारखे’ अशा अर्थाचे नाव दिले. २००४ च्या फेब्रुवारीत तर खुद्द ग्यूदोनवरच हा प्रसंग आला. अमेरिकेतील गुरांत मेंदूचा रोग आढळल्यामुळे तिकडच्या मांसाची आयात थांबली, आणि १८९९ मध्ये तोक्योच्या मासळीबाजारात स्थापन झालेल्या योशिनोया या भोजनगृहाला आपला मुख्य पदार्थच बंद करावा लागला. शेवटच्या दिवशी गिऱ्हाइकांच्या रांगा लागल्या. पुढची दोन-अडीच वर्षे त्यांनी डुकराचे मांस वापरले. पण त्या वाडग्याला ग्यूदोन म्हटले नाही, ‘बुतादोन’ म्हटले. द्रव्य बदलले तसे नाव बदलले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार कोठे झाला असेल तर तो पूर्वमीमांसेत. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ‘प्रतिनिधी’ हा विषय येतो. यज्ञाला व्रीही सांगितले आहेत, पण व्रीही मिळाले नाहीत; तर नित्यकर्म सोडावे की दुसरे द्रव्य घ्यावे? उत्तर असे की, सदृश द्रव्य घ्यावे. व्रीहींऐवजी नीवार, म्हणजे रानभात, चालेल. का चालेल? नीवारात व्रीहींचे जे अंश आहेत त्यांच्यासाठी तो घ्यायचा. यजमान नीवार घेतो तो नीवार म्हणून घेत नाही, त्याच्यातल्या व्रीहीपणासाठी घेतो. आणि म्हणून मंत्रातले व्रीहींचे नावही बदलावे लागत नाही. योशिनोयाने नेमके याच्या उलट केले. यज्ञात उद्दिष्ट मूळ द्रव्यावर खिळलेले असते आणि प्रतिनिधी त्याची सावली म्हणून वावरतो. जेवणात जो पदार्थ समोर आहे तोच खायचा असतो, सावलीने पोट भरत नाही. या भेदामुळे गृहिणीला मीमांसकापेक्षा अधिक सत्यवादी असावे लागते. ताटात अळंबी असेल तर तिला अळंबी म्हणावे लागते.

परंतु मीमांसकांनी याच प्रकरणात आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, जे द्रव्य यज्ञाला अयोग्य म्हणून निषिद्ध आहे ते कितीही सदृश असले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही; अशा निषिद्धांत कोद्रव येतो. कोद्रव म्हणजे छत्तीसगडच्या डोंगराळ भागातले कोदो. गोरगरिबांचे हे धान्य आज मधुमेह्यांना भाताऐवजी सुचवले जाते आणि शहरातल्या दुकानांत भाताहून महाग विकले जाते. शास्त्राने ज्याला प्रतिनिधित्व नाकारले त्यालाच आरोग्याने आसन दिले, हा काळाचा विनोद म्हणावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नाही. तसाच यजमानालाही नाही. द्रव्य बदलेल, ज्याचे कर्म आहे तो माणूस बदलणार नाही. त्याच्या वतीने दुसऱ्याने संकल्प करून चालत नाही.

या सूत्राच्या प्रकाशात ‘गाळण्या’कडे पाहिले पाहिजे. एकाच मांसाचा त्याग तीन प्रकारांनी घडताना दिसतो. पहिला प्रकार आरोग्यवाद्याचा. त्याला मांस मिळू शकते, तो घेत नाही. उद्या प्रमाण बदलले की घेईलही. हा त्याग शहाणपणाचा आहे, परंतु त्याची फार स्तुती करण्याचे कारण नाही. दुसरा प्रकार कायद्याचा. महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीवरील बंदी १९७६ च्या कायद्यातली. बैल व वळू यांच्यापर्यंत ती वाढवणारे विधेयक १९९५ साली विधिमंडळाने संमत केले, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ साली, आणि परराज्यातून आणलेले असे मांस नुसते जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्या मे महिन्यात रद्द केले. छत्तीसगडचा २००४ चा कायदा यापेक्षा व्यापक आहे; त्यात म्हशी-रेडेही येतात. म्हणजे रसमड्याला मूळ कृतीचा विचारच संपतो. कायद्याने गुराचा जीव वाचत असेल. तो युक्तिवाद वेगळा आणि त्याची बाजू वेगळी. पण ज्याच्या ताटातून वस्तू गेली त्याच्या खाती त्याग जमा होत नाही. येथे संकल्प यजमानाचा नसतो. ज्याला मुळात ते खायचेच नव्हते त्याचे कायद्याने काही गेले नाही, आणि ज्याला खायचे होते त्याने काही सोडले नाही.

तिसरा प्रकार या दोहोंहून निराळा आणि मराठी माणसाला सर्वांत जवळचा आहे. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. ते सोडण्यात आरोग्याचा हिशेब नव्हता आणि राजाज्ञाही नव्हती. गावाने टाकलेले ओढून नेणे आणि तेच खाणे हा ज्यांचा ‘हक्क’ म्हणून लादला गेला होता, त्यांनी तो झुगारला. उपाशी पोटाने केलेला हा संकल्प आहे. त्याचे मोजमाप वरच्या दोन प्रकारांच्या मापाने होणार नाही. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात आंबेडकरांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांच्या संबंधाची उपपत्ती मांडली. तिच्याविषयी मतभेद असू शकतात. परंतु एके काळी ज्या वर्गात यज्ञातील पशू खाल्ला जात होता तोच वर्ग पुढे त्याच मांसावरून दुसऱ्याला अस्पृश्य ठरवू लागला, या विसंगतीवर त्यांनी ठेवलेले बोट कोणालाही हटवता आलेले नाही.

शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद आहे. तेलाच्या थेंबाशिवाय शिजवलेल्या कालवणांबरोबर तीत ‘चान्या’ येतात. चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर उन्हात वाळवून, पावसाळ्यासाठी राखून ठेवलेले तुकडे. ग्यूदोनमधले पातळ काप आणि चान्या यांत वस्तू म्हणून अंतर किती? जनावर तेच. एकाचे नाव परदेशातून आले म्हणून ते उच्चारताना जिभेला अभिजाततेची चव येते. दुसऱ्याचे नाव ज्या घरातले आहे त्या घरातही एके काळी दबक्या आवाजात घेतले जाई. बाजारात त्या मांसाला ‘मोठ्याचे’ म्हणतात. विशेषण राहिले आणि विशेष्य गिळले गेले, असा हा भाषेचा नमुना आहे. ज्या वाचकाला तोक्योच्या वाडग्याचे वर्णन निर्विकारपणे, किंबहुना कुतूहलाने वाचता आले आणि चान्यांशी येताच ज्याचे मन आखडले, त्याने ते आखडणे तपासले पाहिजे. ते मांसाविषयी नसते, माणसांविषयी असते.

दुसऱ्याच्या संकल्पाचा मान कसा राखावा, याचे एक विलक्षण उदाहरण याच लोहमार्गालगतच्या एका कवीने देऊन ठेवले आहे. रसमड्याहून नागपूरकडे जाताना डोंगरगडच्या पुढे आमगाव लागते. त्याच्या जवळचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर, असा निर्णय म. म. वा. वि. मिराशी यांनी दिला. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या चौथ्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमातले दोन बटू गप्पा मारतात. वसिष्ठ आले तेव्हा त्यांच्या मधुपर्कासाठी एक बिचारी कालवड मारली गेली. एका बटूला तर हा पाहुणा म्हणजे वाघ की लांडगा असे वाटले. दुसरा त्याला धर्मसूत्रांचा आधार सांगतो. मग पहिला विचारतो, त्याच दिवशी जनक आले तेव्हा दही आणि मधच का दिला, वासरी का सोडून दिली? उत्तर असे की, सीतेवर ओढवलेले संकट कळल्यापासून जनकाने मांस सोडले आहे.

टीकाकारांनी या प्रवेशाची चर्चा बहुधा ‘प्राचीनांनी गोमांस खाल्ले की नाही’ या एकाच प्रश्नापायी केली, आणि त्यामुळे त्यातले नाट्य बाजूला पडले. मुलीच्या दुःखाने होरपळलेला एक बाप मांस सोडतो. त्याने ते कोणालाही सोडायला लावलेले नाही. यजमान असलेला ऋषी एकाच आश्रमात, एकाच दिवशी, वसिष्ठाला त्यांच्या आचाराप्रमाणे आणि जनकाला त्यांच्या शोकाप्रमाणे वाढतो. दह्याला मांसाचा प्रतिनिधी करतो. आणि भवभूती या सगळ्यावर एका पोराला हसू देतो. त्या पोराची करुणा कालवडीकडे आहे, तीही कवीने खोडून काढलेली नाही. तीन दृष्टी एका अंगणात नांदतात, आणि कोणाचाही आवाज दुसऱ्याने बंद केलेला नाही. आठव्या शतकातल्या विदर्भाच्या कवीला हे जमले होते, एवढे नमूद करून पुढे जावे हे बरे.

आता त्या स्वयंपाकघरात काय शिजते ते सांगून टाकायला हरकत नाही. दोन माणसांना तीन मोठे कांदे उभे चिरून घ्यावेत. मूळ कृतीपेक्षा हे प्रमाण अधिक आहे, आणि चवीचा निम्मा भार तेच उचलतात. सुक्या अळंब्या तासभर भिजवून ते पाणी घ्यावे. त्यात आले, बोराएवढा गूळ आणि सोयाचे खारट पाणी दोघांत मिळून एकच चमचा. वेगळे मीठ नको. कांदा पारदर्शक झाला की ताज्या धिंगरी अळंबीचे हाताने फाडलेले लांब तुकडे घालावेत. सुरीने कापू नयेत, फाडल्याने त्यांना मांसासारखे धागे येतात. कोंबडी चालत असेल त्यांनी तिचे पातळ काप घालून नीट शिजू द्यावेत. भात चिकटसर हवा. बासमती येथे कुचकामाचा, कारण त्याचा दाणा सुटा राहतो आणि रस खाली निसटतो. दुबराज थोडे पाणी जास्त घालून मऊ शिजवावा, अथवा ज्याला साखरेचे पथ्य आहे त्याने अर्धा कोदो मिसळावा. वाडगा तीन चतुर्थांशच भरावा. पोटाचे दोन भाग अन्नाने, एक पाण्याने भरून चौथा वाऱ्याला मोकळा ठेवावा, असे वाग्भट सांगतो. आणि जपानात कैबारा एक्केन याच्या अठराव्या शतकातील आरोग्यग्रंथापासून सोळा आणे पोट भरण्याऐवजी दहातले आठ भाग भरण्याचा उपदेश प्रसिद्ध आहे.

राहता राहिले नाव. मुलगा हौसेने ग्यूदोन म्हणेल. जपानी माणूस म्हणणार नाही. त्याच्या भाषेत ‘ग्यू’ गेला की तो शब्दही गेला, कोंबडी आणि अंडे घातलेल्या वाडग्याला तो ‘आई-बाप आणि लेकरू’ अशा अर्थाचे वेगळे नाव देतो, आणि त्या नावात जे क्रौर्य आहे तेही लपवीत नाही. रसमड्याच्या त्या बाईंना तर नव्या नावाची अडचणच नाही. शेजारीण विचारील तेव्हा त्या ‘अळंबीचा भात’ असे सांगतील, आणि शेजारणीला त्यात गूळ का घातला हे समजावून सांगण्यात त्यांचा अधिक वेळ जाईल.